उरलेला वाटा

धैर्यशीलनं पुन्हा घोळ घातला होता. देसायांच्या मिरचीत नलवड्यांचं खोबरं आणि नलवड्यांच्या डब्यात देसायांचे तीळ. बरं, घोळ घालून गडी वर शांत. डंकाच्या धडाडधाड आवाजात भिंतीला टेकून पाण्याची बाटली तोंडाला लावलेली, जसं काही झालंच नाही. तासाभरातली तिसरी बाटली.

“अरे, माणूस हाईस का मुसळ?” मालनबाई कडाडल्या. “मुसळ बरं रं! ते निदान पडायचं तिथंच पडतं. तुझ्या हातात देऊन दोन मिन्टं पाठ फिरवली, तर दोन घरांची वर्षाची चटणी मातीत!”

“तू तीळ म्हणालीस,” धैर्यशील सावकाश म्हणाला.

“कुणाचे?”

धैर्यशीलनं बराच विचार केला. मग बाटलीचं टोपण लावलं.

गडहिंग्लजच्या बाजारात मिरची-मसाला कांडायचा हा डंक मालनबाई चौगुल्यांनी बत्तीस वर्षं चालवला होता. संकेश्वरी मिरचीचा हंगाम आला की आजूबाजूच्या पाचपंचवीस गावांतल्या बायका पोती घेऊन यायच्या, पोतं खाली ठेवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, “काकू, आमची नेहमीची.” बास. पुढचं सगळं मालनबाईंच्या डोक्यात. कुणाच्या घरी लसूण कमी कारण म्हाताऱ्याला पित्त, कुणाला दगडफूल दुप्पट, कुणाकडं थोरली जाऊ गेल्यापासून धने टाकत नाहीत. साडेतीनशे घरं आणि साडेतीनशे चटण्या. लिहिलेलं कुठं काही नाही. लिहायला मालनबाईंना धड येत होतं कुठं? दुसरी पास. ‘चौगुले’ अशी सही करताना ‘गु’ त्यांना अजून दोनदा गिरवावा लागे.

एके काळी ही साडेतीनशे घरं धैर्यशीललाही पाठ होती. दहा वर्षांचा असताना पोत्यावर बसून घडाघडा म्हणून दाखवायचा आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढं कोल्हापूरला इंजिनियरिंगला गेला. दुसऱ्या वर्षी त्याला कानात माणसं बोललेली ऐकू यायला लागली. कधी नावानं हाका मारायची, कधी शिव्या घालायची. स्किझोफ्रेनिया, डॉक्टर म्हणाले. औषधांनी वर्षभरात ती माणसं गप झाली. पण जाताना काहीतरी घेऊन गेली. तीन कामं एका दमात सांगितली, तर तिसऱ्यापर्यंत पोहोचताना त्याला पहिलं आठवेना. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली होती.

मालनबाईंचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं: चौगुल्यांचं रक्त. नवऱ्याची गोदाआत्या केस मोकळे सोडून हिरण्यकेशीच्या काठानं हिंडायची, हे साऱ्या गावाला माहीत. नवरा हयात असेपर्यंत मालनबाईंनी ही गोष्ट जेवणात लोणच्यासारखी रोज वाढली. तो गेल्यावर त्याच्या फोटोला ऐकवत राहिल्या.

त्या रविवारी तेजस्विनी आली. धैर्यशीलची थोरली बहीण. निपाणीला पोस्टात नोकरी, दोन मुलं, तरी दर रविवारी येऊन भावाची आठवड्याची गोळ्यांची डबी भरून जाणार. घोळ निस्तरून होईपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, “आई, कोल्हापूरच्या मनोविकार केंद्राचा निरोप आलाय. आपली वाटणी करून मिळेल.”

वाटणी म्हणजे शेतीची नव्हे. ही नवीन चाचणी येऊन चार वर्षं झाली होती. तिचं शास्त्रातलं नाव हातभर लांब होतं, म्हणून लोकांनी तिला हे सुटसुटीत नाव ठेवलं. मनाच्या आजारानं ज्याची बुद्धी मंदावली, त्याच्या मंदपणात घराण्याचा वाटा किती, आजाराचा किती, औषधाचा किती, हे आकड्यात सांगणारी चाचणी. डॉक्टरांनी काढली उपचारासाठी. लोकांनी वापरली भांडणासाठी. “आमची वाटणी आली हो, सासूकडनं सत्तर!” असं भाजी घेताना बायका बोलू लागल्या. कुठं नांदवायला नकार दिलेली सून अहवाल नाचवत मानानं परत आली, कुठं सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत. इतके दिवस दोष वाऱ्यासारखा घरातून हिंडायचा, कुणाच्याच अंगाला चिकटायचा नाही. आता त्याला पत्ता मिळाला.

“करूया,” मालनबाई लगेच म्हणाल्या. “होऊन जाऊ दे. चौगुल्यांचं काय हाय ते सरकारी कागदावर येऊ दे.”

“तुझी पण थुंकी लागणार आहे.”

“माझी कशाला?”

“आयुष्यभर आमच्या आत्यांच्या नावानं थुंकलीस, आता एकदा नळीत थुंक.”

धैर्यशील हसला. किती तरी दिवसांनी.

*

केंद्रातल्या डॉक्टर नाझनीन मुजावर मूळच्या मिरजेच्या. चाळिशीच्या, बोलायला मऊ, पण डोळे सुईसारखे. वडिलांचा नमुना मिळणार नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मावशी, चालेल. आई आणि दोन मुलं असली की वडिलांचा भाग बराचसा काढता येतो. मुलांमध्ये जे तुमचं नाही, ते त्यांचं.”

“ते मला आधीपास्नं दिसतंय,” मालनबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बुद्धी काही एका जनुकात बसलेली नसते. शरीराच्या त्या लांबलचक लिपीत हजारो ठिकाणी बारीक बारीक फरक असतात. एकेका फरकाचं वजन मोहरीएवढं, पण सगळे मिळून माणसाची आठवण, लक्ष, हिशेबाची चलाखी यांचा कल ठरवतात. ह्या आजाराचा धोका वाढवणारे फरकही असेच हजारो. गंमत अशी की, त्यातले काही दोन्हीकडं सामाईक आहेत आणि पुष्कळसे वेगळे. म्हणून एखाद्याला आवाज ऐकू येतात पण डोकं तल्लख राहतं. दुसऱ्याचे आवाज थांबतात तरी दूध उतू गेलेलं कळत नाही. पूर्वी डॉक्टर सरसकट ‘आजारामुळं’ म्हणून मोकळे व्हायचे. आता आधी घरातल्यांची लिपी वाचायची. हा मुलगा आजारी पडला नसता तर त्याचं डोकं साधारण कुठवर चाललं असतं, याचा अंदाज बांधायचा. मग ते प्रत्यक्षात कुठवर चालतंय हे मोजायचं. मधे जी तूट राहते, तिचे वाटे पाडायचे.

तेजस्विनी कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मालनबाई मात्र मान हलवत होत्या.

“म्हंजे तयार चटणी जिभेवर ठेवायची आणि सांगायचं, मीठ कुणी जास्त घातलंय ते.”

डॉक्टर थबकल्या. “मावशी, मी तीन वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतेय. इतकं नेमकं मला सांगता आलं नाही.”

“त्यात शिकवायचं काय? मी रोजच करते.”

मग डोकं मोजण्याची पाळी आली. यंत्रानं पंधरा शब्द वाचून दाखवायचे, ऐकणाऱ्यानं म्हणायचे. मालनबाईंनी पंधराच्या पंधरा म्हटले, मग कुणी न सांगता उलटे म्हटले आणि वर यंत्रालाच झापलं, “चमच्यानंतर ढग कोण सांगतं? काही ताळतंत्र?”

धैर्यशीलनं चार शब्द सांगितले. पाचव्याला त्याचे ओठ उघडे राहिले. तो बाटली शोधायला लागला. मालनबाई खिडकीतून बाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

*

तीन आठवड्यांनी अहवाल आला. तिघंही पुन्हा डॉक्टरांसमोर बसले. मालनबाईंनी ठेवणीतलं नऊवार नेसलं होतं.

“आधी आजाराचा धोका,” डॉक्टर म्हणाल्या. “तो दोन्ही घराण्यांकडून आलाय. तुमच्याकडून किंचित जास्त.”

“कुणाकडनं?”

“तुमच्याकडून, मावशी. पण ह्यात कुणाचा दोष नसतो.”

मालनबाईंना गोदाआत्या आठवली. एकदा नदीवरून येताना तिनं लहानग्या तेजूच्या हातात एक पेरू ठेवला होता, तो मालनबाईंनी हिसकावून फेकून दिला होता. तो पेरू आत्ता इथं का आठवावा, त्यांना कळेना.

“आता डोक्याचं. ऐका, ही चांगली बातमी आहे,” डॉक्टरांचा आवाज हलका झाला. “ह्या तुटीत वारशाचा वाटा शून्य. उलट, बुद्धीच्या बाबतीत धैर्यशील पूर्णपणे तुमच्यावर गेलाय. इतका वरचा आकडा आम्ही फार थोड्या घरांत बघितलाय.”

“बघ!” मालनबाई लेकीकडं वळल्या. दुसरी पास बाईचा कणा एकदम ताठ झाला. “बघ, मी सांगत न्हवते?”

“आजाराचा वाटा शंभरातले तीस,” डॉक्टर पुढं म्हणाल्या. “उरले सत्तर. मुख्य औषधानं हात थरथरतात म्हणून ह्यांना एक छोटी पांढरी गोळी दिलीय, दिवसाला दोन. ती थरथर थांबवते, पण आठवणीवर झाकण घालते. तोंडही कोरडं पडतं. शिवाय धैर्यशीलच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, साठत जाते. हासुद्धा एक जनुकच. मावशी, तो पण तुमचाच. तरीही दोन गोळ्यांचा वाटा पंधराच्या वर जात नाही.”

“मग बाकीचे पंचावन्न?” तेजस्विनीनं विचारलं.

“तेच जुळत नाहीये.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “दिवसाला सहा-सात गोळ्या पोटात जात असत्या, तर हिशेब बरोबर बसला असता. डबी कोण भरतं?”

“मी. दोन म्हणजे दोन.”

“कधी गडबडीत... नोकरी, मुलं...”

“नाही म्हटलं ना मी!” तेजस्विनीचा आवाज चिरकला. “बारा महिने, दर रविवारी मी एकेक गोळी दोनदा मोजून टाकते. तुम्ही रक्त तपासा.”

“नमुना घेते. पण अहवालाला आठ दिवस लागतात, आणि आपली अडचण उद्याची आहे.” मग डॉक्टरांनी अडचण सांगितली. केंद्रात ‘उजळणी’ नावाचा उपचार होता. सहा महिने रोज मेंदूला कामाला लावायचं, जोडीला नवं औषध. गेलेलं बरंच परत यायचं. पण ज्यांच्या तुटीत आजाराचाच वाटा निम्म्याच्या वर, त्यांना त्याचा उपयोग होत नसे, म्हणून त्यांना जागा मिळत नसे. जागा मोजक्या. यादी उद्या पाचला बंद होणार आणि पुन्हा उघडणार दोन वर्षांनी. “ज्याला कारण सापडत नाही तो वाटा नियमानं आजारात धरावा लागतो. म्हणजे तीस आणि पंचावन्न. पंच्याऐंशी. अशा माणसाचं नाव कायम-आधाराच्या यादीत जातं. त्याला यंत्राजवळ काम करता येत नाही. पुढं घरचे थकले की निवासात पाठवतात.”

“घरी दुसरं काही औषध? काढा, पूड, कुणी दिलेलं?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. त्या मालनबाईंकडं बघत होत्या.

ज्या तोंडानं एकदा तहसीलदाराला डंकाची पायरी उतरायला लावली होती, ते तोंड मिटलेलंच राहिलं.

डॉक्टरांनी जुनी फाईल पडद्यावर उघडली. “आजार मुळात जोरात होता, हेही खरंच आहे. हे दुसऱ्या वर्षाचं बघा. आवाज थांबून सहा महिने झाल्यावरची नोंद: ‘आई ताकात काहीतरी घालते अशी रुग्णाची ठाम समजूत. भ्रम. मुख्य औषध वाढवले.’ मग तीन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा वाढवलं.”

“ते आता नाही होत,” धैर्यशील म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागत होता. “म्हणजे, होतं. ताक कडू लागतं. पण तेव्हाच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. तसं वाटलं की वीसपर्यंत मोजायचं. हे खरं नाही, असं म्हणायचं. मी मोजतो. मग पितो.”

“शाब्बास,” डॉक्टर मनापासून म्हणाल्या. “आपला भ्रम आपण ओळखणं, ही फार मोठी पायरी असते.”

मालनबाईंच्या हातातली पिशवी जमिनीवर पडली. धैर्यशीलनं ती वाकून उचलून दिली.

*

परतीच्या वाटेवर तेजस्विनी गाडी चालवत होती. कागल मागं पडलं. मग तिनं समोर बघतच विचारलं, “आई, तुझा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?”

“गाडी बघून चालव,” मालनबाई म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांसमोर तराजू होता. तेरा वर्षांपूर्वीचा. धैर्यशील तिखट तोलत होता आणि पारडं थरथरत होतं. तिखट भुरभुर सांडत होतं. सरनोबतांच्या थोरल्या सूनबाई समोर उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “काकू, पोरगा घेतो वाटतं?” घेतो म्हणजे दारू. वेड म्हटलं असतं तर मालनबाईंनी त्यांना उभं चिरलं असतं. पण दारुडा? मालन चौगुलेचा मुलगा दारुडा?

डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्यांनी थरथर निम्मी थांबत होती. मग तिसरीनं आणखी थांबेल, हे कळायला शाळा कशाला लागते? चटणी अळणी लागली तर मीठ वाढवायचं, हीच तर त्यांची सगळी विद्या. पुस्तकात बघून कुणी मीठ घालत नाही, हाताचा अंदाज असतो. पलीकडच्या गावातल्या औषधवाल्यानं जुन्या चिठ्ठीवर पाकिटं दिली. डंकाच्या धनिणीकडून त्याची बायको फुकट चटणी कांडून नेई. वेलदोडा कुटायचा पितळी खलबत्ता होता, त्यात गोळ्या बारीक झाल्या. ताकात हिंग-जिरं जरा जास्त घातलं की कडवटपणा झाकतो. जवळजवळ झाकतो. साडेतीनशे चटण्या ओळखणाऱ्या आईच्या पोटचा तो, त्याच्या जिभेला कळलंच.

त्यानं तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा मालनबाई शेजारीच बसल्या होत्या. डॉक्टरांनी ‘भ्रम’ लिहिलं. मालनबाईंना लिहिलेलं वाचता आलं नाही, पण डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघून सहानुभूतीनं मान हलवली, ती मात्र वाचता आली. तेव्हा बोलायचं होतं. त्या बोलल्या नाहीत. मुख्य औषध वाढलं, तशी थरथर वाढली. थरथर वाढली, तशी खलबत्त्यातली गोळी वाढली. तीन झाल्या, चार झाल्या, सणासुदीच्या गर्दीत पाच. हात मात्र असा स्थिर झाला की बघत राहावं.

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तेजस्विनी रजा काढून राहिली होती. डंकावर गर्दी होती. नलवड्यांच्या वहिनी बिघडलेल्या चटणीची भरपाई म्हणून नवी चटणी न्यायला येऊन बसल्या होत्या. जेवायच्या वेळी मालनबाई आत गेल्या. खलबत्ता फळीवर होता. त्यांनी तो घेतला नाही.

काल रात्रभर त्यांनी एक हिशेब मनात मांडला होता. कुणाला काही कळलेलं नाही. उद्यापासून गोळी बंद केली तर कळणारही नाही. रक्तात निघालं तर तेजूच्या डबीवर जाईल आणि तेजू काय, चार दिवस रडेल आणि विसरेल. फक्त धैर्याची जागा जाईल. दोन वर्षांनी पुन्हा बघू. हा हिशेब त्यांनी तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा तो बरोबर आला. म्हणूनच त्यांना त्याची शिसारी येत होती.

त्यांनी साधं ताक ताटाशी ठेवलं. ताक, मीठ, चिमूटभर जिरं.

धैर्यशीलनं पेला उचलला. त्याचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. इतकी वर्षं तो जेवताना असा पुटपुटायचा तेव्हा मालनबाईंना वाटायचं, पोरगा देवाचं नाव घेतोय. अठरा, एकोणीस, वीस. तो प्यायला. पेला खाली ठेवला आणि आतल्या उंबऱ्यावर बसलेल्या आईकडं बघून त्याचा चेहरा उजळला.

“आई, आज कडू नाही लागलं.”

मालनबाईंनी रिकामा पेला हातात घेतला.

“अजिबात नाही. मी बरा व्हायला लागलोय बहुतेक.”

त्या उठल्या. सोप्यात आल्या आणि डंकाचं बटण त्यांनी स्वतः बंद केलं. इतक्या वर्षांत भर हंगामात, भर दुपारी तो कधी बंद झाला नव्हता. एकदम पडलेल्या शांततेत बाहेरच्या बायकांनी माना वर केल्या.

“तेजू, त्या डॉक्टरीणबाईला फोन लाव. तोंड दिसणारा.”

“आता? काय झालं?”

“लाव म्हणते न्हवं! आणि वहिनी, तुम्ही उठू नका. बसा. तुम्ही पण ऐका. तुमचा घोळ कशानं झाला ते तुम्हाला कळायलाच पायजे.”

पडद्यावर डॉक्टर मुजावर दिसल्या. धैर्यशील हात धुऊन दारात येऊन उभा राहिला. मालनबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

“डॉक्टर, ते पंचावन्न माझे. थरथरीची गोळी मी कुटून ताकात घालते. डबीतल्या दोन सोडून. चार. कधी पाच. तेरा वर्षं.”

नलवड्यांच्या वहिनींच्या मांडीवरचा रिकामा डबा घरंगळला.

“पोरीनं एक पण गोळी चुकीची घातलेली न्हाई,” मालनबाई म्हणाल्या. “ते आधी लिवा.”

डॉक्टरांनी वही पुढं ओढली. मग त्यांनी कधीपासून, कितीच्या, कोणत्या वेळेला, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. “आज दिली?”

“न्हाई.”

“एकदम बंद करू नका, मावशी. धोका असतो. मी उतरती मात्रा लिहून देते आणि ती तेजस्विनी देईल. तुम्ही नाही.”

“मी न्हाई,” मालनबाईंनी कबूल केलं.

“वाटणी नव्यानं मांडते. आजार तीसच राहील. जागा मिळेल. पाचच्या आत नाव घालते.”

“सगळं परत येईल?”

“काही येईल.” डॉक्टरांनी शब्द शोधले. “पण एकविसाव्या वर्षी जे शिकायचं, जमवायचं, ते चौतिसाव्या वर्षी तसंच्या तसं परत मिळत नाही. झाकण काढता येतं. खाली किती शिल्लक असेल ते मी सांगू शकत नाही. आणि हात थरथरतील.”

“आणि ते जुन्या कागदातलं. ताकाचं. ते खोडा.”

“जुनी नोंद खोडता येत नाही, मावशी. तिच्याखाली लिहिता येतं.”

“मग लिवा. ठळक लिवा.”

फोन बंद झाला. तेजस्विनी आईसमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हेच भयंकर होतं.

“काल गाडीत मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली, आणि परसात निघून गेली. मालनबाईंनी तिला हाक मारली नाही. तेवढा हक्क उरलेला नाही, एवढी समज त्यांना दुसरी पास असूनही होती.

बायका एकेक करून उठल्या. नलवड्यांच्या वहिनी जाताना धैर्यशीलच्या दंडाला हात लावून गेल्या.

धैर्यशील दारातच होता. ऐकलेलं सगळं तो एका जागी गोळा करू बघत होता आणि पहिलं धरलं की शेवटचं निसटत होतं. कपाळावर शीर उभी राहिली होती.

“म्हणजे ताक कडू होतं?”

“व्हय.”

“खरंच कडू होतं?”

“खरंच.”

त्यानं ते मनाशी ठेवून पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर एक आशा उमटली. ती बघवत नव्हती. “मग आवाज? ती माणसं पण खरी होती?”

“न्हाई बाळा. ते दुखणं होतं. ते हाय.”

“मग मला कसं कळणार?” धैर्यशीलनं विचारलं. रागावून नाही, खरोखरच विचारलं. “आई, कुठलं खरं ते मला कसं कळणार होतं?”

मालनबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाजारातल्या शंभर भांडणांचा निवाडा त्यांनी ह्याच सोप्यात उभं राहून केला होता, आणि आवाज आजही तसाच निघाला, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असा.

“ऐक धैर्या. तुला कळलं होतं. तू सांगितलंस पण. भर दवाखान्यात माझ्या शेजारी बसून सांगितलंस, आणि ते खरं हाय हे ठाऊक असलेली एकच बाई तिथं होती, ती गप बसली. कानातली माणसं खोटी होती. पण माझ्याबद्दल तू जे बोललास, त्यातला शब्द न् शब्द खरा. तू खरा होतास. तुझी आई खोटी.”